दहापैकी आठ

आमच्या ह्यांच्या स्वयंपाकाला मी दहापैकी सहाच्या वर कधी मार्क दिले नव्हते. एकोणतीस वर्षांत एकदाही नाही. त्यात माझा खडूसपणा नाही, माझं कामच ते आहे. मी बिस्किटांच्या कारखान्यात टेस्टर आहे. पांढऱ्या भिंतींची एक खोली, पाच खुर्च्या, प्रत्येक खुर्चीसमोर भिंतीत एक छोटी खिडकी. खिडकीतून झाकलेली बशी येते. झाकण काढायचं, हुंगायचं, चावायचं, थांबायचं, थुंकायचं, चूळ भरायची आणि कागदावर लिहायचं. लोणी ताजं आहे की नाही, पीठ जुनं झालंय का, तेल खवट व्हायला लागलंय का. मशीनला जे गुरुवारी कळायचं ते मला मंगळवारी कळायचं, आणि ह्याचा मला माज होता. उगाच नाकारत नाही.

नाकाच्या जिवावर पोट असलं की सगळं घर त्या नाकाच्या धाकात राहतं. आमच्याकडे वासाचा साबण नाही, पावडर नाही, सेंटची बाटली नाही. हे बस डेपोत मेकॅनिक. संध्याकाळी आले की मी ह्यांना दारातच अडवते आणि तीनदा हात धुवायला पाठवते. हे बिचारे जातात. रात्रीचा स्वयंपाकही हेच करतात, कारण दिवसभर बिस्किटं चावून आल्यावर माझ्याच्याने चूल बघवत नाही. पानं वाढून झाली की चमचा हातात धरून विचारतात, "किती?"

मी सांगते, "पाच." कशामुळे पाच तेही सांगते. हे मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच चुकतात.

तीन महिन्यांपूर्वी मला साधा सर्दीताप आला. चार दिवसांत ताप गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. जिभेला खारट कळायचं, गोड कळायचं, आंबट-कडू कळायचं, पण त्यापुढे काही नाही. सफरचंद आणि कच्चा बटाटा, दोन्ही नुसते करकरीत. आधी वाटलं, येईल आठवड्यात. मग वाटलं, येईल महिन्यात. मग मी वाट बघणं सोडलं आणि नाटक सुरू केलं.

मी कुणालाही सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. का नाही, तर सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. कारखान्यात मी बिस्किट हुंगायचे, डोळे मिटायचे, भुवया वर करायचे आणि अंदाजाने लिहायचे. इतक्या वर्षांच्या अनुभवावर अंदाज बरे लागतात. एकदा मात्र खवट तेलातल्या बिस्किटांचा आख्खा घाणा मी 'उत्तम' म्हणून पुढे सोडला. शेजारच्या खुर्चीवरच्या चष्मेवालीने तो थांबवला. ती पोरगी दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने कुणाला काही न सांगता कागद बदलला आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली.

"मॅडम, सोमवारी टेस्ट आहे," ती हळूच म्हणाली.

मला काय माहीत नव्हतं? दरवर्षी आमचीच परीक्षा होते. तीन बशा, दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं, असं वीस वेळा. जो नापास होतो त्याची पॅकिंगला बदली. यंदा बशा मांडायचं काम चष्मेवालीकडे होतं.

"वेगळ्या बशीचं झाकण मी जरा तिरपं ठेवीन," ती म्हणाली. "तुमच्या खिडकीत फक्त."

मी तिला हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही. डब्याचं झाकण लावून उठले.

त्याच आठवड्यात हे बसची दोन तिकिटं घेऊन घरी आले. शनिवारी सकाळी जायचं, रविवारी रात्री परत. पाच तासांवरचं एक मोठं शहर. ज्या माणसाला लग्नकार्याला न्यायचं तर आदल्या दिवसापासून मागे लागावं लागतं, तो माणूस स्वतःहून म्हणतो, सहलीला जाऊ.

"तिथं पक्ष्यांचं उद्यान आहे, प्राण्यांचं आहे," हे म्हणाले. "आणि खायला म्हणे फार सुंदर मिळतं."

मी मनात हिशेब केला. दोन दिवस, सगळं बाहेरचं खाणं, आणि प्रत्येक घासाला ह्यांचं 'किती'. सोमवारच्या परीक्षेआधी ही तोंडी परीक्षा. पण नाही म्हणायला कारण सुचेना, आणि खरं सांगायचं तर ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना.

हॉटेलची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीखाली टायरचं दुकान. हे आधी खिडकीतून वाकून टायर बघून आले, जॅक कुठल्या बनावटीचा आहे ते मला सांगितलं आणि मगच बॅग उघडली. बॅगेत घड्या घातलेले तीन शर्ट, माझी शाल, गोळ्यांची डबी. भरलेली सगळी ह्यांनीच. मोज्यांच्या जोडीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते घेऊन हे झटकन न्हाणीघरात गेले. बाहेर आले ते केस भिजवून, भांग पाडून. मी म्हटलं, नवरदेव निघाले. हे लाजले.

पक्ष्यांच्या उद्यानात दुपारी पेलिकनना मासे टाकतात. आम्ही कठड्याशी उभे होतो. माशांची बादली आली तशी आजूबाजूची माणसं मागे सरकली. कुणी नाकाला रुमाल लावला, एक बाई तर पोराला उचलून पळाली. मी आपली दोन्ही कोपरं कठड्यावर टेकून मजेत बघत होते. एवढा मोठा पक्षी, आणि मासा गिळताना त्याचा चेहरा अगदी आमच्या मोठ्या नणंदेसारखा होतो. ते ह्यांना सांगायला वळले तर हे पेलिकनकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, प्रेमाने बघतायत. म्हटलं चला, एकोणतीस वर्षांनी का होईना.

संध्याकाळी खाण्याच्या गल्लीत गेलो. एका गाड्याला लागून दुसरा गाडा, धूर, तव्यांचा आवाज, प्लास्टिकच्या खुर्च्या. एक जाडजूड बाई माशाचं सूप विकत होती. तिच्याकडे रांग होती म्हणून आम्हीही रांगेत लागलो. दोन वाट्या आल्या. गरम होतं, खारट होतं, तळाशी तिखट होतं. बाकी गरम पाणी. सगळी रांग त्या पाण्यासाठी जीव टाकत होती आणि मी वाटीत बघत बसले होते. डोळ्यांत पाणी आलं ते मी तिखटावर ढकललं.

"किती?" ह्यांनी विचारलं.

"साडेसात."

ह्यांनी वाटी खाली ठेवली. पुढच्या गाड्यावर निखाऱ्यावर भाजलेले मासे घेतले. मी म्हणाले, "आठ." मग गोड पाव घेतला, वरून साखर लावलेला. त्यालाही मी आठ दिले. उगाच कमी देऊन कारणं सांगत बसण्यापेक्षा जास्त दिलेले बरे, कुणी कारण विचारत नाही. पण मार्क वाढतील तसे हे गप्प होत चालले होते. मला वाटलं, ह्यांचं पोट बिघडलं असावं. परत आल्यावर गोळी दिली, ती ह्यांनी मुकाट्याने घेतली.

रविवारी सकाळी प्राण्यांच्या उद्यानात पोचलो. तिकिटाच्या खिडकीवर ह्यांनी नकाशा घेतला आणि वाघ, जिराफ, पाणघोडा सगळे ओलांडून मला ओढत पार मागच्या कोपऱ्यात नेलं. मी म्हटलं, अहो, वाघ राहिला. हे म्हणाले, वाघ कुठे जातोय.

कोपऱ्यात जाळीचा एक उंच पिंजरा होता. आत फांद्यांवर काळ्या केसाळ गोधडीसारखं काहीतरी पडलेलं. गोधडी हलली तर तिला मांजराचं तोंड निघालं, लांब मिशा, आणि अंगाएवढी जाड शेपूट. पाटीवर लिहिलं होतं, बिंटुरोंग. पाटीचा खालचा अर्धा भाग फळीने झाकलेला होता. गमबूट घातलेली एक बाई, तिथली प्राण्यांची देखभाल करणारी, पंधरा-वीस माणसांना गोळा करून उभी होती.

"जवळ या," ती म्हणाली. "आता डोळे मिटा आणि वास घ्या. कसला वास येतो ते मला सांगायचं." आणि मी सगळ्यात पुढे होते म्हणून तिने माझ्याकडेच बोट केलं. "ताई, तुम्ही सांगा."

ह्यांनी माझं कोपर घट्ट धरलं. मी डोळे मिटले, भुवया वर केल्या, सगळं रीतसर केलं. जनावराचा पिंजरा आहे, कसला वास असणार?

"ओलं गवत," मी म्हणाले. टेस्टरच्या आवाजात म्हणाले. "आणि मागून थोडा अमोनिया."

सगळे खो खो हसायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "पॉपकॉर्न! लोण्यातले पॉपकॉर्न!" आणि सगळे हो हो करायला लागले. गमबूटवालीने फळी सरकवली. तिथे तेच लिहिलेलं होतं. ह्या प्राण्याच्या लघवीलाच लोणी लावलेल्या पॉपकॉर्नचा वास येतो, तो त्याच्या पायांना आणि शेपटीला लागतो, आणि तो जिथे जाईल तिथे दरवळतो.

"अमोनिया आजवर कुणी म्हणालं नव्हतं," ती मला म्हणाली, हसून, अगदी प्रेमाने.

सगळे हसत होते. फक्त हे हसत नव्हते. ह्यांचा चेहरा असा पडला होता की जणू ह्यांनीच उत्तर चुकवलंय. आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली.

मी ह्यांना बाजूच्या बाकावर बसवलं. बसवलं म्हणजे खांद्याला धरून दाबलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दुधातला गोड भात केला होता ना मी, दोन महिने झाले," हे आपल्या बुटांकडे बघत म्हणाले. "तू आठ दिलेस."

"मग?"

"अगं, आठ. मी सहाच्या वर कधी गेलो नाही. मला इतका आनंद झाला होता, काय सांगू. डेपोत सगळ्यांना सांगितलं. तू झोपल्यावर पातेल्यात उरलेला भात खाऊन बघितला, म्हटलं बघू तरी असं काय जमलंय." ह्यांनी बुटाचं टोक मातीत घासलं. "दूध लागलं होतं. नुसता जळका वास. घास गिळवेना मला."

दुधाचं पातेलं खालच्या मजल्यावर लागलं तरी जिन्यातून ओरडणारी बाई मी.

"मग मी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं," हे पुढे म्हणाले. "त्या म्हणाल्या, असं होतं. कधी परत येतो वास, कधी नाही येत. पण सराव द्या म्हणाल्या. ओळखीचे वास, रोजच्या कामातले, पुन्हा पुन्हा. महिनाभर मी वासाच्या साबणाने आंघोळ करतोय. काल मोज्यात सेंट आणला होता. लिफ्टमधल्या माणसाला शिंका आल्या. तू शेजारीच होतीस."

"आणि हे जनावर?"

"ह्याच्याबद्दल पेपरात वाचलं. म्हटलं लोणी, भाजलेलं धान्य, म्हणजे तुझा कारखानाच की. घरी लोणी आणून नाकाला लावलं असतं, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं."

मला संताप आला. खरंच आला. इतके दिवस जीव मुठीत धरून नाटक करायचं आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला शेवट आधीच माहीत असायचा.

"पाच तास बसमधून आणलंत," मी म्हणाले, "जनावराची लघवी हुंगायला?"

"हो," हे म्हणाले. आणि मग, जरा थांबून, "दुसरं काही सुचलं नाही."

मग मी रडले. बाकावर, भर गर्दीत, ह्यांच्या सेंट लावलेल्या शर्टाला नाक पुसत रडले. सेंट कुठला होता देव जाणे.

"विचारलं का नाहीत मला?"

"तू सांगितलं नाहीस. म्हणजे मला कळू द्यायचं नव्हतं तुला. मग मी कसा विचारू?"

मग मी सगळं सांगितलं. खवट घाणा, चष्मेवालीने बदललेला कागद, सोमवारची टेस्ट, तिरपं झाकण. हे मला कधी काही कर म्हणत नाहीत, तसे तेव्हाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "ब्रेक लागत नसताना गाडी पास करणारा एक होता आमच्याकडे. कारागीर फार चांगला होता."

"त्याचं काय झालं?"

"त्याचं काही झालं नाही," हे म्हणाले.

मी फोन काढला. आधी चष्मेवालीला लावला. "झाकणं सरळ ठेव," म्हटलं. "आणि त्या घाण्याच्या कागदावर तुझी सही आहे, ती काढायला लावते मी. चूक माझी होती." ती पलीकडे रडायला लागली, तिला गप्प केलं. मग साहेबांना लावला. रविवारचा दिवस, मागे टीव्ही चालू होता. मी एका दमात सांगून टाकलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"उद्या या, बोलू," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "पण मॅडम, त्या खुर्चीवर आता बसू नका."

रागावून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. फार हळू म्हणाले. एकोणतीस वर्षं ती खुर्ची माझी होती. डावा पाय डुगडुगायचा म्हणून खाली दुमडलेला कागद ठेवलेला, तोही मीच बदलायचे. तो कागद आता कोण बदलणार, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या मनात आलं.

हे उठले आणि हात पुढे केला. मला वाटलं, आता वाघ. पण हे पुन्हा त्या पिंजऱ्याकडेच निघाले. माणसं पांगली होती. गमबूटवाली आत झाडत होती. तिने आमच्याकडे बघितलं, माझे डोळे बघितले आणि काही न विचारता एक लाकडी स्टूल आणून जाळीशी ठेवलं.

"घे," हे म्हणाले.

मी वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही. गोधडीने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मिटला.

"तुम्हाला येतोय?" मी विचारलं.

"येतोय की."

"मग सांगा."

"लोणी. मका. जळकं थोडं."

"जळकं की भाजकं?" मी म्हणाले. "जळकं घशात लागतं. भाजकं नाकातच राहतं."

ह्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "नाकात. भाजकं."

"लोणी ताजं की ठेवलेलं?"

"ते कसं ओळखायचं?"

"ताज्याला दुधाचा वास असतो. ठेवलेल्याला किंचित आंबूस. जिभेच्या कडांना पाणी सुटतं."

ह्यांनी पुन्हा श्वास घेतला आणि जिभेच्या कडा तपासत उभे राहिले. झाडणारी बाई खराटा थांबवून बघत होती. "ठेवलेलं," हे अखेर म्हणाले. "दोन दिवसांचं."

मला दिसलं. म्हणजे वास नाही आला, पण दोन दिवसांचं लोणी, ओट्याच्या कडेला, पिवळट, असं मला लख्ख दिसलं. नाक गेलं होतं, पण नाकाने जे शिकवलं होतं ते गेलेलं नव्हतं. अर्धा तास आम्ही तिथे होतो. मी विचारत होते, हे हुंगत होते. डिझेलमध्ये आयुष्य घालवलेल्या त्या नाकाने मधला एक गोडसर पदरही शोधला, कच्च्या पिठाचा. चष्मेवालीला तो शोधायला तीन महिने लागले होते.

वाघ राहिलाच.

बसला दोन तास होते म्हणून पुन्हा त्या गल्लीत गेलो. सूपवाल्या बाईने ओळखलं, दोन वाट्या समोर ठेवल्या आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कालच्यापेक्षा आज बरं झालंय," ती म्हणाली. "बघा."

मी एक घोट घेतला. गरम, खारट, तिखट.

"मला वास येत नाही हो," मी तिला म्हणाले. "आजारपणात गेला. म्हणून मला सांगता येणार नाही."

पहिल्यांदा म्हणाले मी ते, परक्या माणसाला, जेवायला बसल्याजागी. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं. बाईने च्च केलं, आत गेली आणि माझ्या वाटीत माशाचा एक मोठा तुकडा आणून टाकला. "मग निदान चावायला तरी असू दे," म्हणाली.

हे आपल्या वाटीवर वाकले होते, डोळे मिटून. "मासा ताजा," हे पुटपुटले. "मिरी भाजून घातलीये. कांदा मात्र घाईत परतलाय. सहा."

"सहाच?"

"तुझ्याकडेच शिकलोय."

मला हसू आलं. ह्यांनाही आलं. मग चमचा तसाच हातात धरून हे माझ्याकडे बघत राहिले आणि जरा चाचरत म्हणाले, "आणि सहलीला? सहलीला किती?"

मी विचार केला. पेलिकन धरला, सेंट धरला, वाघ न बघितल्याचे वजा केले. साहेबांचा तो हळू आवाज आठवला, त्याचेही वजा केले. उद्या सकाळी काय होणार ते काही माहीत नव्हतं.

"आठ," मी म्हणाले.

ह्यांचा चमचा हवेतच थांबला. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"खरे," मी म्हणाले. "ह्या वेळी खरे."